शेऱ्याचा रकाना

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि वर सल्ला दिला, की राग आला की बोलू नका, लिहून काढा. दिवसातून किती वेळा राग येतो, असंही विचारलं. मी म्हटलं, ऑफिसला सुट्टी असेल तर कमी. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता. तर ही वही.

आजचा राग: साहेब. आमची कंपनी घरी वापरायची ऑक्सिजन मशीन बनवते. फुप्फुसं थकलेल्या माणसाच्या नाकाशी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला आमचं खोकं. खोक्याच्या पोटात एक चिप, आणि त्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम माझा. अकरा वर्षं बिनतक्रार चाललेली ती चिप आता मिळेनाशी झाली. साहेबांनी नवी शोधून आणली. जुनीला चौसष्ट पाय होते, नवीला अठ्ठेचाळीस. “सोळाच तर कमी आहेत,” साहेब म्हणाले. साहेबांचे दोनच कमी करून बघावेत.

पाय म्हणजे पिना. डॉक्टरीणबाई वही बघायला मागतील म्हणून सोपं करून लिहिते. प्रत्येक पिनेला तीन-चार कामं येतात. तीच पिन बटण वाचेल, नाहीतर भोंगा वाजवेल, नाहीतर सेन्सरशी बोलेल. पण नेमलेलं एकच. कुणाला कोणतं काम द्यायचं, त्याचा तक्ता बनवायचा. सहा जणांच्या बाकावर नऊ पाहुणे बसवायचे आणि कुणाचा कोपर कुणाला लागता कामा नये, असा प्रकार. साहेबांनी यासाठी पंधरा दिवस धरले होते. माझं एका दुपारीत झालं.

५ मार्च, बुधवार

आमच्याकडे सर्किट बोर्ड आखणारे जे गृहस्थ आहेत त्यांना सगळे भिंग म्हणतात. कपाळावर कायम भिंग चढवलेलं असतं, जेवतानाही उतरत नाही. साठीला आलेत. एक वाक्य बोलायला इतका वेळ लावतात, की आपण मध्येच जाऊन पाणी पिऊन यावं.

माझा तक्ता त्यांना पाठवला होता. तो परत आला तर उजवीकडे एक नवा रकाना: ‘शेरा’. जांभळ्या अक्षरांत एकतीस शेरे. ‘पिन ७: इथली तार लांब आहे, जपून.’ ‘पिन १२: मशीन चालू होताना ही क्षणभर अधांतरी असते, ना चालू ना बंद.’ मी चौथ्यापर्यंत वाचले आणि रकाना लपवून टाकला. पुसला नाही, लपवला. मी काही दुष्ट नाही.

दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“बाई, टायमर कुणाकुणात वाटले गेलेत, ते एकदा बसून बघू या का?”

“बघितलंय मी.”

“बसून?”

“चालता चालता.”

त्यांनी माझा कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला. मग “शेऱ्यात लिहिलंय तसं,” म्हणाले आणि गेले. यांना निवृत्त कधी करणार आहेत?

१२ मार्च, बुधवार

नवा बोर्ड आला. वीज दिली आणि पहिल्याच झटक्यात सगळं चालू. पंप, सेन्सर, बटणं, भोंगा. खालच्या मजल्यावरचे लोकही बघायला आले. भिंग मागे उभे होते. “छान झालं,” एवढंच म्हणाले. पोटात दुखत असणार.

साहेबांना नवी लहर: कुणी दहा मिनिटं हात लावला नाही, तर पडदा मंद व्हावा, पेशंटच्या डोळ्यांवर उजेड नको. केलं. पडदा मंद झाला आणि लुकलुकायला लागला. साहेबांनी त्याचा व्हिडिओ काढून मलाच पाठवला, मी समोर बसलेली असताना.

पडद्यामागचा दिवा मंद करायचा म्हणजे तो फार वेगाने चालू-बंद करायचा. वेग कमी पडत होता. तो ठरवतो टायमर, म्हणजे चिपच्या आतलं घड्याळ. मंद झाल्यावर वेग दसपट कर, असं लिहिलं. लुकलुक गेली. घड्याळ लावून सात मिनिटं. हेच काम भिंगांना दिलं असतं तर बसून बघत राहिले असते.

१५ मार्च, शनिवार

सासऱ्यांचं जुनं मशीन बंद पडलं. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. ते माझ्या नणंदेकडे राहतात, चार वर्षं झाली. आमच्याकडे का नाहीत, तर आमच्याकडे दिवसभर घरात कुणी नसतं. हे कारण नवऱ्याने इतक्यांदा सांगितलंय, की आता खरं वाटतं.

चाचणीसाठी बनवलेल्या पाच मशीनपैकी एक मी त्यांना नेऊन लावलं. वन्संनी मशीन कुठे ठेवायचं यावर अर्धा तास घोळ घातला. शेवटी नानांच्या खुर्चीमागे, भिंतीकडे तोंड करून. वन्सं शाळेत गाणं शिकवायच्या. त्यांना जगातली प्रत्येक वस्तू कोणत्या सुरात वाजते ते सांगायची खोड आहे. माझं मशीन म्हणे “बरं गुणगुणतं”.

नाना एका दमात तीन शब्द बोलतात, मग श्वास घेतात. “बस की जरा,” म्हणाले. श्वास. “चहा घेऊन जा.” मला घाई होती. मशीन लावून वीस मिनिटांत बाहेर.

२२ मार्च, शनिवार

सकाळी वन्संचा फोन. काल दुपारी नानांच्या खुर्चीचा पाय नळीवर आला. नानांचा डोळा लागलेला, वन्सं स्वयंपाकघरात. मशीन वाजलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची म्हातारी कुत्री मशीनसमोर उभी राहून भुंकायला लागली, म्हणून त्या बाहेर आल्या, तर नानांचे ओठ निळसर. नळी सोडवल्यावर पाचेक मिनिटांत रंग परत आला.

नाना बरे आहेत, हे महत्त्वाचं. ते सोडलं तर उरतं ते असं, की माझ्या मशीनवर आळ आलाय आणि साक्षीदार कुत्री आहे.

तडक गेले. बटण दाबलं, पडदा उजळला, आकडे तपासले, नळी चिमटीत धरली. आठव्या सेकंदाला भोंगा: टीं-टीं-टीं, जरा थांबून पुन्हा टीं-टीं-टीं. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा वाजला.

“काल लाल दिवा लागला होता का?” मी विचारलं.

“लागला होता. पण तो मागच्या बाजूला. खुर्चीत बसलेल्याला कसा दिसणार?”

“दिवा आणि भोंगा एकदमच चालू होतात, वन्सं. दिवा लागला म्हणजे भोंगा वाजला. नळ सोडलेला असेल तुम्ही, ऐकू आला नसेल.”

“अगं, पंचेचाळीस मुलांत बेसूर कोण आहे ते मला पाठमोरी कळायचं.”

नाना आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. बारा मिनिटांत परतले.

२५ मार्च, मंगळवार

जेवताना नवऱ्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. “ताई म्हणते, ती आता रोज तीनदा नळी दाबून बघते. नानाच म्हणतात, दाब, मी श्वास धरतो. पडदा उजळ असला की वाजतं. मंद असला की नाही वाजत. पण मंद असताना नळी दाबून ठेवून मग बटण दाबलं, तर आवाज मधूनच सुरू होतो. तीन टीं असतात ना, त्यातला दुसरा आधी ऐकू येतो. म्हणजे, ती म्हणते, पहिला वाजून गेलेला असतो. आपल्यालाच ऐकू येत नाही.”

“आवाज आहे पण ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “हे तत्त्वज्ञान झालं.”

“तू एकदा बघतेस का?”

“बघितलंय.”

या घरात मी सोडून बाकी सगळ्यांना माझं काम कळतं.

२७ मार्च, गुरुवार

पहिली चाळीस मशीन उद्या घरोघरी जाणार. आज माझी सही हवी होती. सकाळी भिंग आले.

“बाई, तो पडदा मंद करायचा प्रकार तुम्ही नंतर घातलात ना? त्यात वेग वाढवलात?”

“वाढवला. का?”

“मग भोंगा...”

“भोंगा वाजतो. शनिवारीच तीनदा वाजवलाय.”

“पडदा मंद असताना?”

मी म्हटलं, भिंग, मंद व्हायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं मशीनसमोर हात बांधून बसायला इथे कुणाला वेळ आहे? तुम्हाला असेल तर बसा. ते म्हणाले, “मी शेऱ्यात लिहिलं होतं.” मी म्हटलं, वाचते मी तुमचे शेरे.

हे खोटं होतं. वही खासगी आहे म्हणून लिहिते.

सही करताना वन्संचा तो दुसरा टीं डोक्यात आला. घालवला. सगळ्या अडाण्यांचं ऐकत बसले असते तर अकरा वर्षांत एक मशीन बाहेर पडलं नसतं.

२९ मार्च, शनिवार

वन्संना दाढ काढायला जायचं होतं. नवरा बाहेरगावी. नानांपाशी तासभर बसायला माणूस हवा होता आणि माणूस म्हणजे मी.

बसले. नाना बाहेर बघत होते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस टाकी दुरुस्त करत होता. नाना म्हणाले, “तिसऱ्यांदा आलाय.” श्वास. “उलटा आटा फिरवतो.” श्वास. “कुणी सांगत नाही.” मी बघितलं. खरंच उलटा फिरवत होता. आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

मग नाना घड्याळाकडे बघून म्हणाले, “मंद झाला बघ.” मी उठून खुर्चीमागे डोकावले. पडदा मंद झाला होता. मी परत बसले.

“दाबू का?” नानांनी विचारलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच्या हाताने नळी दुमडून धरली.

मी मोजलं. आठ. मागच्या भिंतीवर लाल दिव्याचा उजेड पडला. दहा. काही नाही. पंधरा. खोलीत नुसता पंपाचा आवाज. कोपऱ्यात झोपलेली कुत्री उठली, कान टवकारले, मशीनपाशी आली आणि भुंकायला लागली. मी हात लांब करून बटण दाबलं. टीं-टीं. दोनच. मग थांबून तीन.

नानांनी नळी सोडली. दम लागला होता. “बघ,” म्हणाले.

कागद-पेन्सिल लागली नाही. भोंगा आणि पडद्याचा दिवा एकाच टायमरवर आहेत. पडदा मंद झाला की मी वेग दसपट करते, तो दोघांचाही होतो, आणि भोंग्याचा सूर त्या वेगावरच ठरतो. भोंगा वाजतोच. पण इतक्या वरच्या पट्टीत, की माणसाच्या कानाला लागत नाही. कुत्र्याच्या लागतो.

वन्सं आल्या, गालाला कापूस दाबून. त्यांना बोलता येत नव्हतं. मलाही.

तिथून ऑफिसला. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. तक्ता उघडला, लपवलेला रकाना उघडला. तेविसाव्या ओळीत, जांभळ्यात:

‘भोंगा आणि पडद्याचा दिवा एकाच टायमरवर आलेत. एकाचा वेग बदलला तर दुसऱ्याचा बदलेल. दिव्याची पिन दुसऱ्या टायमरवरही चालते, पर्यायी काम क्र. ४. बाईंशी बोलणे.’

त्याखाली, त्याच दिवशीचं: ‘बोललो. बघितलंय म्हणाल्या.’

प्रोग्रॅममध्ये त्या जागी १ होता. तो खोडून ४ केला, आणि वेगाची ओळ नव्या टायमरकडे वळवली. मंद व्हायची वेळ दहा मिनिटांवरून पाच सेकंद करून बघितलं. वाजलं. ही युक्ती पंधरा दिवसांपूर्वीही सुचू शकली असती. पाच सेकंदांचं काम होतं.

हेही लिहिते: तिथे एकटी बसले असताना मनात आलं, की पुढच्या मशीनमध्ये हा ४ गुपचूप घालावा. ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग आठवलं, की भिंगांना कळलं असतं, आणि ते काहीही बोलले नसते. ते जास्त वाईट.

३० मार्च, रविवार

सकाळी साहेबांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “एक आकडाच ना? पुढच्या खेपेला घाला. चाळीस घरांना उगाच कशाला घाबरवायचं?”

“बरोबर आहे साहेब,” मी म्हटलं. “ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांना नाही कळवलं तरी चालेल.”

मग त्यांनी यादी पाठवली.

दिवसभर चाळीस घरांना फोन. कंपनीतून बोलते, भोंग्यात दोष आहे, पडदा मंद होणं बंद करून ठेवा, असं असं बटण दाबा, आम्ही येतोय. कुणाचा दोष, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं, ते मी कालपासून तयार करून ठेवलं होतं. एक आजीबाई म्हणाल्या, “नाही हो, फार गुणी मशीन आहे. आवाजच करत नाही.”

अडतीस घरी बोलणं झालं. दोन घरी फोन उचलला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

कालपासून गाडीत मी आणि भिंग. ते जसे बोलतात तशीच गाडी चालवतात. सायकली आम्हाला ओलांडून जातात. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन. एका घरी नवा प्रोग्रॅम घालायला दहा मिनिटं पुरतात, पण भिंग प्रत्येक ठिकाणी पेशंटच्या खुर्चीत बसून बघतात, लाल दिवा तिथून दिसतो का. आणि नाही दिसला तर मशीन फिरवून ठेवतात. चाळीस घरं, चाळीस खुर्च्या. मी पहिल्या तीन घरी घड्याळ बघितलं. नंतर सोडून दिलं.

फोन न उचललेल्या दोनांपैकी एक घर बंद होतं. लोक लग्नाला गेले होते, मशीन बरोबर नेलंय असं शेजारी म्हणाले. त्यांचा दुसरा नंबर मिळाला, बोलणं झालं.

दुसऱ्या घरी सुनेने दार उघडलं. मशीन होतं, सासरे नव्हते. रविवारी पहाटे नळीत पाणी साचलं होतं, कुणाला कळलं नाही, बेशुद्ध झाले. रुग्णालयात आहेत. आता शुद्धीवर आहेत, दोन-चार दिवसांत घरी सोडतील.

“तुमच्या मशीनचा काही दोष नाही हो,” ती म्हणाली. “दोष असता तर वाजलं असतं ना. वाजलंच नाही.”

भिंग माझ्याकडे बघत नव्हते. ते मशीनची वायर गुंडाळत होते, फार सावकाश.

मी सांगितलं. मशीन वाजायला हवं होतं, वाजलं नाही, ती चूक मशीनची आहे, आणि तो भाग मी लिहिलाय. मला आधी दोघांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तयार करून ठेवलेलं वाक्य वेगळं होतं. ते आठवलं नाही.

तिने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, “घेऊन जा ते.” आवाज चढवला नाही. आम्ही उचललं. जिना चार मजल्यांचा होता, मशीन सतरा किलोंचं. भिंगांनी एक बाजू धरली.

गाडीत मी म्हटलं, “बोला आता.”

“काय?”

“जे म्हणायचं असेल ते.”

त्यांनी आरसा नीट केला, गियर टाकला, रस्ता बघितला. “पुढचं घर डावीकडे,” म्हणाले.

३ एप्रिल, गुरुवार

दोषाचा अहवाल भरायचा होता. ‘दोष कोणी शोधला’ असा एक रकाना असतो. मी नणंदेचं नाव घातलं. साहेब म्हणाले, बाहेरच्या माणसाचं नाव चालत नाही, बरं दिसत नाही. मी म्हटलं, चाळीस मशीनसाठी दारोदार फिरलो, ते बरं दिसतंय का? ते म्हणाले, मग भिंगांचं घाला.

भिंगांना विचारलं. त्यांनी भिंग डोळ्यांवर ओढून कागद वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, पाठची बाजूसुद्धा.

“मी शोधला नाही,” म्हणाले. “मी लिहिला होता.”

नणंदेचं नाव तसंच ठेवलं. साहेबांनी सही केली, नाक मुरडून.

संध्याकाळी तक्ता घेऊन बसले. एकतीस शेरे वाचले. बारा निरर्थक आहेत. हे मी भिंगांना तोंडावर सांगणार आहे. बाकी एकोणीस नाहीत. पिन १२ खरंच अधांतरी असते. मी त्यांना म्हटलं, सोमवारी बसून बघू. ते म्हणाले, “दहाला?” मी म्हटलं, नऊला.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला. होता तेवढाच आहे. वहीचा गुण शून्य.

६ एप्रिल, रविवार

ते गृहस्थ काल घरी आले, असं सुनेने कळवलं. दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं म्हणाली. चांगलं केलं.

नानांच्या मशीनची शेवटची चाचणी राहिली होती. नवा प्रोग्रॅम घातला होता, पण नियमाप्रमाणे दहा मिनिटं पूर्ण थांबून, पडदा मंद झाल्यावर, नळी दाबून बघायचं होतं. म्हणून दुपारी गेले. वन्संनी चहा केला. गालाची सूज उतरली आहे, त्यामुळे बोलणं पूर्ववत. मी अहवालाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आपलं नाव दोनदा वाचलं. “शुद्धलेखन बरोबर आहे,” म्हणाल्या. माझ्याकडून काही बोलणं अपेक्षित असावं. मी चहा चांगला झालाय म्हटलं.

मग घड्याळ लावून नानांजवळ बसले. गच्चीवरचा माणूस आज नव्हता. टाकी गळत होती. नाना म्हणाले, मी तरुण असतो तर जाऊन सांगितलं असतं. मी विचारलं, तरुण असताना कधी कुणाला सांगितलं होतंत का? त्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, पोस्टात असतानाची, उलट्या लावलेल्या एका फळीची आणि तिच्यामुळे भलत्याच गावाला गेलेल्या तीनशे पत्रांची. तीन शब्द, मग श्वास. अशा बोलण्यात गोष्ट किती लांबते. मध्ये मला हसू आलं तेव्हा ते थांबले, आणि मी थांबेपर्यंत थांबले. त्या चुकीबद्दल कुणाची नोकरी गेली, असं मी विचारलं. “माझी जाणार होती,” म्हणाले. “फळी मीच लावलेली.”

मी घड्याळ बघितलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. पडदा कधी मंद झाला, ते बघायचं राहून गेलं. मध्येच कुत्रीने अंग घासून बटण दाबलं होतं आणि तो पुन्हा उजळला होता. सगळी चाचणी वाया.

“ती मी सकाळीच केली,” वन्सं आतून म्हणाल्या. “दोनदा. दोन्ही वेळा वाजलं, पहिल्या ठोक्यापासून.”

ते ठीक आहे, पण बाहेरच्या माणसाची चाचणी कागदावर धरत नाहीत. उद्या ऑफिस सुटल्यावर पुन्हा जाणं आलं.